६००० × ४००० चा ग्रुप फोटो ८ बाय १० च्या फ्रेममध्ये: क्रॉप नेमका कसा करायचा?

नवखी_चौकट

नमस्कार. फोटो एडिटिंगला नुकतीच सुरुवात केली आहे, त्यामुळे आकड्यांसकट विचारते.

मुंजीतला ग्रुप फोटो आहे, तीन रांगांत २८ जण. कॅमेऱ्यातली मूळ जेपीजी ६००० × ४००० पिक्सेलची. लॅपटॉपवर गिम्प २.१० हा फोटो एडिटिंगचा प्रोग्राम आहे. गिम्पमध्ये माउस नेला की खाली आकडे दिसतात, त्यावरून डाव्या टोकाच्या काकांचं कोपर २८० वर आहे आणि उजव्या टोकाच्या मामींच्या पदराची कड ५६९० वर. फ्रेम ८ बाय १० इंचांची, आडवी.

अडचणी अशा:

लॅबच्या वेबसाइटवर ८ बाय १० निवडलं की प्रीव्ह्यूत दोन्ही टोकांची माणसं कापली जातात. गिम्पमध्ये स्केल इमेज वापरून ५००० × ४००० केला तर सगळे मावतात, पण सगळेच उभट आणि बारीक दिसतात.

फोटो किंचित कललेला आहे, मागच्या खांबावरून लगेच कळतं.

याच फोटोत मधोमध बसलेल्या आजींचा वेगळा ५ बाय ७ काढायचा आहे. डोक्यावरच्या पदरापासून छातीपर्यंत निवडलं की साधारण ७०० × ९८० पिक्सेल भरतात. तोच नंतर डीपीलाही हवाय.

क्रॉप करून सेव्ह केल्यावर मूळ फोटो परत मिळतो का, हेही सांगा.

---

चौकटकार

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथली चूक दुरुस्त होत नाही. त्याच नावाने सेव्ह केलं तर मूळ परत मिळत नाही. आत्ताच फाइलची कॉपी करा, नावात 'मूळ' लिहा, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. गिम्पमध्ये 'सेव्ह' केलं की एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची फाइल बनते. जेपीजी हवी तर 'एक्स्पोर्ट अ‍ॅज' (कंट्रोल+शिफ्ट+ई) घेऊन नवीन नाव द्यायचं. फाइल मेनूत 'ओव्हरराइट' असंही एक कलम असतं, ते टाळा.

आता माणसं बारीक का झाली ते. स्केल म्हणजे अख्ख्या चित्राचा आकार बदलणं आणि क्रॉप म्हणजे कडेचा भाग कापून टाकणं. तुम्ही ६००० ची रुंदी ५००० वर आणली आणि उंची ४००० च ठेवली, म्हणून प्रत्येक जण एक षष्ठांशाने दाबला गेला. गिम्पच्या स्केल खिडकीत रुंदी आणि उंचीच्या मध्ये साखळीचं चित्र असतं. ती साखळी तुटलेली असली की हे होतं.

मुळात अडचण गुणोत्तराची आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ३:२ आणि ८ बाय १० म्हणजे ५:४. पूर्ण उंची ठेवून ५:४ कापायचं तर रुंदी ५००० च उरते. तुमची माणसं २८० पासून ५६९० पर्यंत, म्हणजे ५४१० पिक्सेलमध्ये पसरली आहेत. तेवढ्या रुंदीला ५:४ साठी ४३२८ उंची लागेल आणि फोटोत आहे ४०००. क्रॉपची चौकट कशीही सरकवा, या फोटोतून सगळ्यांना घेऊन ८ बाय १० निघणारच नाही. लॅबचा प्रीव्ह्यू बरोबरच आहे.

मार्ग दोन. एक, प्रिंट ८ बाय १२ ची काढा, ती ३:२ च असते आणि काहीच कापावं लागत नाही. पण मग फ्रेम बदलावी लागेल. दोन, वर-खाली पांढरी पट्टी ठेवून ८ बाय १० करा. त्यासाठी:

क्रॉप टूल घ्या (शिफ्ट+सी). टूल ऑप्शन्समध्ये 'पोझिशन' ला २३५ आणि ०, 'साइज' ला ५५०० आणि ४००० टाका, एंटर. मग इमेज मेनूतून 'कॅनव्हास साइज' उघडा (कॅनव्हास म्हणजे चित्र ज्यावर बसतं तो कागद), साखळी तोडा, उंची ४४०० करा, 'सेंटर' दाबा, रिसाइझ. वर-खाली २०० पिक्सेलच्या रिकाम्या पट्ट्या येतील. टूलबॉक्समधला बॅकग्राउंड रंग पांढरा आहे ना ते बघा आणि इमेज मेनूतून 'फ्लॅटन इमेज' करा. रिकाम्या जागेत बॅकग्राउंडचा रंग भरला जातो. इथे काळा रंग राहिला तर पट्ट्या काळ्या येतात, आणि हे प्रिंट हातात आल्यावरच लक्षात येतं.

प्रिंटवर ही पट्टी सुमारे ९ मिलीमीटरची होईल.

एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या: आधी फोटो कुठे जाणार ते ठरवायचं, मग गुणोत्तर, मग क्रॉप. टूल ऑप्शन्समध्ये 'फिक्स्ड' च्या चौकोनात टिक करून शेजारी 'आस्पेक्ट रेशो' निवडा आणि खाली ५:४, ३:२, १:१ जे हवं ते टाइप करा. हाताने अंदाजे चौकट ओढली तर पडद्यावर छान दिसते, पण लॅबचं मशीन ती पुन्हा आपल्या गुणोत्तरात कापतं.

---

फ्रेम_आणि_काच

चौकटकारांचा हिशोब कागदावर बरोबर आहे, पण फ्रेममध्ये घोटाळा होईल.

फ्रेमच्या मागच्या बाजूला खाच असते आणि काच, फोटो, पुठ्ठा त्या खाचेत बसतात. समोरून लाकडाचा ओठ चारही कडांचा साधारण ५ मिलीमीटर भाग झाकतो. ८ बाय १० ची फ्रेम म्हणजे आत ८ बाय १० चा कागद मावतो. दिसतो त्याहून कमी.

५५०० पिक्सेल १० इंचांत म्हणजे इंचाला ५५०. काकांच्या कोपरापाशी तुम्ही ठेवलेत ४५ पिक्सेल, म्हणजे प्रिंटवर जेमतेम २ मिलीमीटर. कोपर लाकडाखाली जाईल, पदराची कडही जाईल. शिवाय बिनकाठाची प्रिंट काढताना मशीन चित्र कागदापेक्षा किंचित मोठं करतं, नाहीतर कडेला पांढरी रेघ राहते. त्यात आणखी २-३ मिलीमीटर जातात. दोन्ही मिळून ८ मिलीमीटर धरा.

म्हणून रुंदी कापूच नका. ६००० पूर्ण ठेवा आणि कॅनव्हास ६००० × ४८०० करा. आता इंचाला ६०० पिक्सेल. डावीकडचे २८० म्हणजे जवळजवळ १२ मिलीमीटर, उजवीकडचे ३१० म्हणजे १३. दोघंही काचेत नीट दिसतील. वर-खालच्या पट्ट्या ४०० पिक्सेलच्या, म्हणजे १७ मिलीमीटर; त्यातली ५ झाकली जाऊन १२ दिसेल. ती रुंदी मुद्दाम ठेवलेल्या माउंटसारखी (फोटोभोवतीच्या कोऱ्या पुठ्ठ्यासारखी) वाटते. ३-४ मिलीमीटरची पट्टी मात्र चुकून राहिल्यासारखी दिसते. पट्टी ठेवायचीच तर ठसठशीत ठेवावी.

ऑर्डर देण्याआधी फ्रेम उलटी करून ओठाची रुंदी पट्टीने मोजा. काही फ्रेमना ती ८ मिलीमीटरही असते. लॅबला लेखी सांगा: 'फाइल ५:४ मध्येच आहे, क्रॉप करू नये, ऑटो करेक्शन नको.' हे दुसरं महत्त्वाचं, कारण पांढऱ्या पट्ट्यांमुळे आपोआप होणारी दुरुस्ती फसते आणि चेहरे काळवंडतात.

---

ओळंबा

वरचं सगळं करायच्या आधी फोटो सरळ करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सरळ करताना कोपरे जातात आणि वरचे आकडे बदलतात.

मेझर टूल घ्या (शिफ्ट+एम). खांबाच्या कडेवर वरून खाली रेघ ओढा, शक्य तितकी लांब. रेघ आखूड असली तर एका पिक्सेलच्या चुकीने कोन बदलतो. टूल ऑप्शन्समध्ये 'क्लिपिंग' ला 'क्रॉप विथ आस्पेक्ट' निवडा आणि 'स्ट्रेटन' दाबा. मग इमेज मेनूतून 'फिट कॅनव्हास टू लेयर्स'. ही शेवटची पायरी विसरली तर चौकडीचा रिकामा काठ तसाच राहतो.

खांब कोणता निवडायचा? फोटोच्या मध्याजवळचा. ग्रुपचे फोटो बहुधा रुंद लेन्सवर घेतात आणि कॅमेरा थोडा वर-खाली झुकलेला असतो. त्यामुळे कडेचे खांब आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला झुकलेले दिसतात. ते कललेल्या फोटोचं लक्षण नव्हे. कडेचा खांब धरून सरळ केलंत तर अख्खी माणसं तिरकी होतील. फरशीच्या दूर जाणाऱ्या रेघाही वापरू नका. कॅमेऱ्याला समांतर असलेली मागच्या भिंतीची किंवा पायरीची आडवी कड मधोमध मिळाली तर ती चालते.

किती जातं तेही सांगतो, ३:२ च्या फोटोसाठी, गुणोत्तर तेच ठेवून:

१ अंश फिरवलं तर ५८४८ × ३८९८ उरतं, क्षेत्रफळात ५ टक्के कमी.
२ अंशांना सुमारे १० टक्के.
३ अंशांना सुमारे १४ टक्के.

म्हणून फोटो काढतानाच चारी बाजूंनी सैल जागा सोडायला सांगतात. तुमचा कल १ अंशाच्या आसपास असेल तर डावीकडे २०० च्या जवळपास पिक्सेल उरतील. कॅनव्हास मग ५८४८ × ४६७८ करायचा. २०० पिक्सेल म्हणजे प्रिंटवर साडेआठ मिलीमीटर. वर सांगितलेल्या ८ पेक्षा जास्त आहे, पण काठोकाठ. कल २ अंश निघाला तर 'क्रॉप विथ आस्पेक्ट' ऐवजी 'अ‍ॅडजस्ट' ठेवा. त्यात काहीच कापलं जात नाही, कोपऱ्यात रिकामे त्रिकोण येतात. मग क्रॉपची चौकट हाताने अशी लावा की माणसं पूर्ण राहतील आणि जादाची काट छत आणि फरशीकडून जाईल.

फिरवणं एकदाच करा. प्रत्येक वेळी सगळे पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि चित्र जरासं मऊ पडतं. अर्धा अंश, मग पाव अंश, मग परत उलटा, असं चार वेळा केलं की पापण्यांची धार जाते. मनासारखं झालं नाही तर कंट्रोल+झेड करून मागे या आणि नव्याने कोन घ्या.

---

नवखी_चौकट

सगळ्यांचे आभार. मधल्या खांबावर मोजलं, ०.९ अंश आलं. सरळ करून कॅनव्हास वाढवला, डावीकडे २१२ उरले. फ्रेमचा ओठ मोजला, ५ मिलीमीटरच आहे.

आजींच्या फोटोचं काय करावं? १००% वर बरा दिसतो, पण ५ बाय ७ च्या आकाराला मोठा केला की चेहरा धूसर होतो.

---

पिक्सेलगणित

७०० × ९८० पिक्सेल ५ बाय ७ इंचांवर पसरले तर इंचाला १४० पिक्सेल येतात. हातात धरून बघायच्या फोटोला ३०० असावेत असा प्रघात आहे. २०० ला सहसा फरक कळत नाही. १५० च्या खाली गेलं की पापण्या, कुंकवाची कड, साडीचं विणकाम मऊ दिसायला लागतं. धूसरपणा येतो तो यातून. क्रॉपमुळे चित्र बिघडत नाही, फक्त कमी पिक्सेल उरतात.

हे नेहमी लक्षात ठेवा की रुंदी निम्मी आणि उंची निम्मी कापली की उरतो पाव भाग. १२ मेगापिक्सेलचे ३ होतात. मोबाइलवर बोटांनी डिजिटल झूम करून काढलेला फोटो हाही आधीच कापलेला फोटो असतो, त्यात पुढे कापायला फारसं उरत नाही.

स्केल करून १५०० × २१०० केलंत तर आकडा ३०० होईल, तपशील वाढणार नाही. 'इमेज' मेनूतल्या 'प्रिंट साइज' मध्ये ७२ च्या जागी ३०० लिहिलं तरी काही बदलत नाही, ती फक्त फाइलवरची चिठ्ठी असते. एआयने मोठं करणारी अ‍ॅप्स धार आणतात खरी, पण ती धार अंदाजाने रचलेली असते. सुरकुत्या पुसल्या जातात, डोळ्यांचा आकार बदलतो. आजींच्या फोटोत तो चेहरा आजींचाच राहिला पाहिजे, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही.

करण्यासारखं हे: प्रिंट लहान ठेवा आणि माउंट मोठा. अडीच बाय साडेतीन इंचांवर हेच पिक्सेल इंचाला २८० होतात, चेहरा स्वच्छ येतो. ५ बाय ७ च्या कागदावर तो मधोमध ठेवायचा. गिम्पमध्ये क्रॉप ७०० × ९८०, मग कॅनव्हास १४०० × १९६०, सेंटर, पांढरा, फ्लॅटन. फ्रेम ५ बाय ७ चीच राहील आणि भोवती रुंद पांढरी जागा येईल. मध्यममार्ग हवा तर फोटो साडेतीन इंच रुंद ठेवा, तेव्हा इंचाला २०० पडतात; कॅनव्हास १००० × १४०० करायचा.

हा क्रॉप मूळ फाइलमधून काढा, पट्ट्या लावून एक्स्पोर्ट केलेल्या जेपीजीतून नको. जेपीजी प्रत्येक एक्स्पोर्टला थोडा तपशील टाकून देते. आजी सरळ दिसाव्यात म्हणून ०.९ अंश इथेही फिरवायचं असेल तर सरळ केलेली एक्ससीएफ फाइल ठेवलेली असणं सोयीचं. तिच्यातून दोन्ही काढता येतात. एक्स्पोर्ट करताना क्वालिटी ९० येते, प्रिंटसाठी ९५ करा. १०० ने फाइल खूप फुगते, डोळ्यांना फरक दिसत नाही.

नुसता कापायचा असेल, फिरवायचा नसेल, तर इरफानव्ह्यू या प्रोग्राममध्ये जेपीजी लॉसलेस क्रॉप आहे. त्यात उरलेला भाग पुन्हा दाबला जात नाही, जसाच्या तसा राहतो. मात्र जेपीजी ८ किंवा १६ पिक्सेलच्या ठोकळ्यांत साठवलेली असते, त्यामुळे चौकटीची डावी आणि वरची कड त्या ठोकळ्याच्या हद्दीवर सरकते. दहाबारा पिक्सेल इकडेतिकडे झाले तर तो दोष समजू नका.

आणि लॅबला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून साधी पाठवली की ती लहान होऊन जाते आणि इतका हिशोब वाया जातो.

---

फ्रेम_आणि_काच

आजींच्या क्रॉपबद्दल, कुठे कापायचं ते.

सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा, घोटा यांवर चौकटीची कड आली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. दंडाच्या मध्यावर किंवा मांडीच्या मध्यावर कड आली तर खटकत नाही. छातीपर्यंतच्या फोटोला खालची कड काखेच्या थोडी खाली, दंडाच्या मध्यावर घ्या.

डोक्यावर पदर आहे, तर जागा पदराच्या वर मोजा, कपाळाच्या वर नाही. उंचीच्या दहाव्या हिश्श्याइतकी पुरे. टूल ऑप्शन्समध्ये गाइड्सच्या यादीतून 'रूल ऑफ थर्ड्स' निवडा आणि डोळे वरच्या आडव्या रेघेजवळ आणा. आजी कॅमेऱ्याकडे बघत असतील तर त्या मधोमध असाव्यात. एका बाजूला बघत असतील तर त्या बाजूला थोडी जास्त जागा.

ग्रुपमधून काढताना शेजारच्यांचा प्रश्न येतोच. शेजारचा खांदा राहिला तर चालतो. अर्धा कान, चष्म्याची एक काडी किंवा अर्धं हसू राहिलं की नजर तिथेच जाते. मागच्या रांगेतला एखादा हात आजींच्या खांद्यावर असेल आणि बोटं चौकटीत, मनगट बाहेर, असं होत असेल तर चौकट थोडी रुंद करून पूर्ण पंजा आत घ्या. त्यासाठी ८० × ११२ पिक्सेल जास्त गेले, म्हणजे ७८० × १०९२ झाले, तरी गुणोत्तर ५:७ च राहतं.

डीपीसाठी १:१ चा वेगळा क्रॉप करा, पण दिसतं ते वर्तुळ. चौरसाचे चारही कोपरे जातात, एकूण क्षेत्राच्या पाचव्या भागाहून जास्त. पदराचं टोक आणि हनुवटी वर्तुळात येतील इतका सैल कापा.

---

ओळंबा

डीपीवरून एक मुद्दा राहिला. कापलेला भाग खरोखर गेला आहे का, हे ऑनलाइन टाकण्याआधी बघा. या फोटोत मुलंही असणार.

गिम्पच्या क्रॉप टूलमध्ये 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स' असा पर्याय आहे. त्यावर टिक नसेल तर फक्त कॅनव्हास लहान होतो आणि बाहेरची माणसं लेयरमध्ये (कॅनव्हासवरच्या चित्राच्या थरात) शाबूत असतात; 'फिट कॅनव्हास टू लेयर्स' केलं की परत दिसतात. स्वतःसाठी ही चांगली सोय आहे, पण ती एक्ससीएफ फाइल कुणाला पाठवू नये. एक्स्पोर्ट केलेल्या जेपीजीत बाहेरचा भाग येतच नाही. मात्र कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये छोटं थंबनेल (फोटोची लहान प्रतिमा) आणि एक्झिफ माहिती (तारीख, कॅमेरा वगैरे नोंदी) असते, आणि काही प्रोग्राम क्रॉप केल्यावर जुनं थंबनेल तसंच ठेवतात. एक्स्पोर्टच्या खिडकीत 'सेव्ह एक्झिफ डेटा' ची टिक काढा, तिथे नवं थंबनेल साठवण्याचा वेगळा पर्याय असतो तोही बंद ठेवता येतो.

वर्डमध्ये फोटो टाकून तिथे क्रॉप केला तर कापलेला भाग फाइलमध्येच राहतो. फोटो निवडून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' मध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स' ला टिक लावल्याशिवाय तो जात नाही. निमंत्रणपत्रिका, कार्यअहवाल अशा फाइलींत हे नेहमी होतं.

स्क्रीनशॉटचंही बघा. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गुगल पिक्सेल फोनमधलं मार्कअप टूल कापलेली लहान पीएनजी जुन्या मोठ्या फाइलवरच लिहीत होतं आणि जुन्या फाइलची शेपटी तशीच ठेवत होतं. त्या शेपटीतून कापलेला भाग अंशतः परत काढता येत होता. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली जशा होत्या तशाच आहेत. जुने कापलेले स्क्रीनशॉट कुठे टाकलेले असतील आणि त्यात खाते क्रमांक किंवा पत्ता कापला असेल, तर ते काढून टाका.

---

नवखी_चौकट

'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स' ची टिक आहे, बघितली. आजींचा क्रॉप ७८० × १०९२ घेतला, पंजा पूर्ण आत आला. कॅनव्हास १५६० × २१८४ केला, म्हणजे प्रिंट अडीच बाय साडेतीनच राहील ना?

---

पिक्सेलगणित

हो. ५ इंचांत १५६० म्हणजे इंचाला ३१२, आणि ७८० ला ३१२ ने भागलं की अडीच. पाठवा लॅबला.